जुन्या स्पोर्टी गाडीचे रिकंडिशन एक्सल : पारखणे आणि बसवणे

माझ्याकडे २००३ सालची फियाट पालिओ आहे, १.६ लिटरच्या इंजिनाची आणि एमएच-१९ पाटीची. त्या काळी आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत १०० अश्वशक्तीचे इंजिन क्वचितच मिळत असे, आणि आजही मोकळा रस्ता मिळाला की ही गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जशी उचलते, ते अनुभवल्यावर ती विकण्याचा विचार मनात टिकत नाही. मात्र या गाडीचे उत्पादन बंद होऊन बराच काळ लोटला असल्याने, तिच्या पुढच्या चाकांचे एक्सल झिजले तेव्हा नवे एक्सल जळगावात मिळाले नाहीत, धुळ्यात मिळाले नाहीत आणि इंदूरहूनही नकार आला. शेवटी रिकंडिशन, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा चालण्याजोगे केलेले एक्सल घ्यावे लागले. पहिल्या वेळी मी काळ्या रंगाने चकाकणारी तयार जोडी घेतली आणि तीन आठवड्यांत एरंडोल आणि पारोळ्याच्या दरम्यान महामार्गाच्या कडेला गाडी उभी करण्याची वेळ आली. दुसऱ्या वेळी माझ्याच गाडीचे मूळ एक्सल समोर उघडून बनवून घेतले आणि ते आजवर व्यवस्थित चालत आहेत.

या दोन अनुभवांमधून मला एकच गोष्ट पक्की कळली. रिकंडिशन एक्सलचे सगळे मोल रबरी बुटाच्या, म्हणजे एक्सलच्या टोकांच्या सांध्यांवर (जॉइंटवर) असलेल्या रबरी आवरणाच्या, आत असते, आणि बूट आवळून बंद झाला की ते कोणालाही दिसत नाही. म्हणून बूट बंद होण्याआधी आत काय आहे, हे आपण स्वतः पाहिले पाहिजे. पालिओ, होंडा सिटी व्हीटेक, फोर्ड आयकॉन, एस्टीम, झेन अशी पुढच्या चाकांना ताकद देणारी जुनी गाडी जपणाऱ्या आणि हे काम प्रथमच करणाऱ्या वाचकांसाठी पुढील पायऱ्या सविस्तर लिहिल्या आहेत.

१. आधी आजार नेमका कोठे आहे, ते ठरवा

एक्सल खराब झाला, असे समजून लोक एक्सल बदलतात आणि आवाज तसाच राहतो, कारण तो चाकाच्या बेअरिंगचा किंवा लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, बुशाचा असतो. आमच्या भागातले जाणते मिस्तरी पान्याला हात लावण्याआधी "भाऊ, आवाज कथाईन ई ऱ्हायना?" (आवाज कुठून येतोय?) असे विचारतात, आणि खर्च वाचवणारा पहिला प्रश्न खरोखर तोच आहे.

मोकळे मैदान शोधा. बाजार समितीचे आवार सुटीच्या दिवशी या कामाला उत्तम असते. खिडक्या उघड्या ठेवून पहिल्या गिअरमध्ये स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवा आणि हळू वर्तुळ घ्या, मग तसेच उजवीकडे घ्या. चाकाच्या गतीबरोबर वाढणारा कट-कट-कट असा स्पष्ट आवाज आला, तर चाकाकडचा, म्हणजे बाहेरचा जॉइंट झिजला आहे. डाव्या वळणात बहुधा उजव्या चाकाचा जॉइंट बोलतो आणि उजव्या वळणात डाव्या चाकाचा, कारण वळणात बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नका. एका विश्वासू माणसाला गाडीच्या दोन्ही बाजूंनी, सुरक्षित अंतर ठेवून, चालत ऐकायला सांगा.

आतला, म्हणजे गिअर बॉक्सकडचा जॉइंट झिजला असेल, तर वळणात आवाज येत नाही. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की संपूर्ण गाडीला थरथर जाणवते आणि पाय सोडताच ती नाहीशी होते. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना हा दोष लपूच शकत नाही. ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना 'ठक्क' असा एकेक ठोका येत असेल, तरी संशय आतल्या जॉइंटवर घ्यावा, पण त्याबरोबर इंजिन माउंटिंगही तपासावे. याउलट, वेगाबरोबर वाढणारी एकसुरी घरघर ॲक्सिलरेटर सोडल्यावरही तशीच राहिली तर दोष बेअरिंगचा असतो, आणि ठरावीक वेगालाच येणारा स्टिअरिंगचा थरकाप चाकांच्या बॅलन्सिंगचा असतो.

शेवटी गाडीखाली वाकून बूट पाहा. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला आणि लोअर आर्मवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट फाटला आहे, हे नक्की समजा. खान्देशात हा दोष वारंवार दिसतो, आणि त्याला कारणही आहे. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्या तापाने रबर ताठर होते आणि घड्यांच्या जागी तडे जातात. मग काळ्या मातीची बारीक धूळ आत शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखे काम करू लागते. बूट फाटला आहे, पण आवाज अजून आलेला नाही, अशा अवस्थेत तो सापडला तर आपण नशीबवान आहात. जॉइंट धुऊन, तपासून, नवे ग्रीस आणि नवा बूट घातला की काम संपते.

२. एक्सलच्या आत काय असते

गॅरेजमध्ये आपण ज्याला एक्सल म्हणतो, त्याला पुस्तकात ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात. गिअर बॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा हा दांडा दोन टोकांना दोन वेगळ्या प्रकारच्या जॉइंटमध्ये बसतो. अ‍ॅम्बॅसिडर आणि पद्मिनीवर हात बसलेल्या जुन्या मिस्तरींना प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस परिचित होता. त्या क्रॉसचा दोष असा, की दांडा कोनात असताना फिरण्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत कोन लहान असल्याने ते चालून जाते. पण जे चाक ताकदही घेते आणि वळतेही, तेथे कोन ४० अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि तेथे एकसमान वेगाने फिरणारा सीव्ही जॉइंटच लागतो. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश मिनी गाडीने हा जॉइंट छोट्या गाड्यांत रुळवला, आणि आपल्याकडे १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० ने तो गावोगावच्या गॅरेजपर्यंत पोहोचवला.

चाकाकडच्या जॉइंटमध्ये बाहेरची वाटी, आतला गड्डा, त्या दोहोंमध्ये कोरलेल्या सहा-सहा खाचा, त्या खाचांतून फिरणाऱ्या सहा पोलादी गोळ्या आणि गोळ्यांना जागेवर धरणारा पिंजरा असतो. १९२० च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने मांडलेली ही रचना आजही जवळपास तशीच वापरली जाते. गिअर बॉक्सकडच्या जॉइंटमध्ये बहुतेक गाड्यांत तीन रोलरांचा त्रिकूट असतो, आणि तो आपल्या वाटीत पुढे-मागे सरकतो, कारण खड्ड्यात चाक वर-खाली झाले की दांड्याची लागणारी लांबी बदलते.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. गाडी बहुतांश वेळ सरळ जाते, त्यामुळे बाहेरच्या जॉइंटच्या खाचा मधल्या भागात सर्वाधिक झिजतात आणि टोकांना जवळपास कोऱ्या राहतात. रिकंडिशनच्या धंद्यातली चांगली आणि वाईट अशी दोन्ही कामे या एका गोष्टीभोवती फिरतात, आणि चौथ्या पायरीत त्याचा उपयोग होईल.

३. कोणता मार्ग घ्यावा

आपल्यापुढे तीन मार्ग असतात. पहिला म्हणजे बाजारात आलेला नवा, पण अनोळखी बनावटीचा एक्सल. दुसरा म्हणजे अदलाबदल, यात आपला जुना एक्सल द्यायचा आणि दुकानदाराने आधीच तयार ठेवलेला घ्यायचा. तिसरा म्हणजे आपलाच एक्सल बनवून घेणे.

मारुती ८०० किंवा झेनसारख्या गाडीला चांगल्या नावाचा नवा एक्सल मिळत असेल, तर तो निःसंकोच घ्यावा. पण पालिओसारख्या गाडीला नावानिशी काही मिळत नाही आणि अनोळखी बनावटीच्या दांड्याचे पोलाद कसे आहे, हे समजण्याचा मार्ग नसतो. कारखान्यातून आलेला मूळ एक्सल घडवलेल्या पोलादाचा असतो आणि त्याच्या खाचांचा पृष्ठभाग विशेष प्रक्रियेने कठीण केलेला असतो. त्याच्या खाचा फार खोल गेल्या नसतील, तर तो बनवून घेणे हाच माझ्या मते उत्तम मार्ग आहे, जरी त्यासाठी गाडी चार-सहा दिवस उभी ठेवावी लागली तरी.

अदलाबदलीत वेळ वाचतो, पण आपला चांगला मूळ एक्सल कायमचा जातो आणि कोणाच्या तरी गाडीचा, न जाणो कोणत्या अवस्थेतला, आपल्याकडे येतो. माझी फसगत अशाच व्यवहारात झाली. त्या विक्रेत्याने जुन्या जॉइंटवर फक्त नवे ग्रीस, नवा बूट आणि काळा रंग दिला होता. अदलाबदल करावीच लागली, तर आपला जुना एक्सल लगेच देऊ नका. अनामत रक्कम ठेवा, घेतलेला एक्सल किमान ५०० किलोमीटर चालवा आणि त्यानंतरच जुना देऊन अनामत परत घ्या. प्रामाणिक दुकानदार याला हरकत घेत नाही.

४. उघडा जॉइंट पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिला पुरेसा वेळ द्या. कारागिराला जॉइंट उघडून, डिझेलने धुऊन, कोरडा करून ठेवायला सांगा आणि दिवसाच्या उजेडात जाऊन पाहा.

खाचांवर चकाकणारा पट्टा दिसला, तर घाबरू नका. गोळी फिरते तेथे असा पट्टा येतोच. पण नखाने खाचेवरून हात फिरवा. नख कोठे अडकले, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकासारखे खड्डे दिसले किंवा पोपडे निघालेले दिसले, तर कठीण केलेला थर फुटला आहे, आणि अशा जॉइंटवर नवे ग्रीस म्हणजे निव्वळ पैशाचा अपव्यय होय. पिंजऱ्याच्या खिडक्यांचे कोपरे भिंगाने पाहा. केसाएवढी भेग तेथेच सुरू होते. गोळी खिडकीत किंचित घट्ट बसली पाहिजे, ती सैल डोलत असेल तर पिंजरा बदलावा.

चांगल्या कामात खाचा खास ग्राइंडिंग यंत्रावर सारख्या घासल्या जातात आणि त्या मापाच्या किंचित मोठ्या गोळ्या बसवल्या जातात. मात्र कठीण थर पातळ असतो. घासताना तो ओलांडला गेला, तर खालचे मऊ पोलाद उघडे पडते आणि जॉइंट काही महिन्यांतच पुन्हा वाजू लागतो. म्हणून "कितीही झिजलेला असू द्या, बनवून देतो" असे म्हणणाऱ्या कारागिरापासून दूर राहावे. साध्या लेथवर हे काम होत नाही. ज्याच्याकडे यंत्र नाही, त्याने पुण्या-मुंबईला किंवा इंदूरला पाठवतो असे स्पष्ट सांगितले, तर तो माणूस विश्वासाचा समजावा.

वाईट कामात खाचा न घासताच मोठ्या गोळ्या कोंबतात. झिजलेल्या मधल्या भागात त्या नेमक्या बसतात आणि हातात घेऊन हलवले तर जॉइंट नव्यासारखा घट्ट वाटतो. पण टोकाला खाच कोरी असल्याने स्टिअरिंग पूर्ण वळवले की गोळ्या तेथे अडकतात. हे ओळखण्यासाठी जॉइंट पूर्ण कोनापर्यंत सर्व दिशांनी वाकवून पाहा. मध्ये जेवढा मोकळा, तेवढाच टोकाला मोकळा असला पाहिजे. त्यानंतर दांडा एका हाताने धरून वाटी फिरवण्याच्या दिशेने उलटसुलट हलवा. हाताला जाणवणारा खडखडाट अजिबात नको.

दोन्ही बाजूंचे बाहेरचे जॉइंट हुबेहूब सारखे असतील, तर काही कारागीर डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावतात. पुढे जाताना गोळ्या खाचेच्या एकाच बाजूवर दाबल्या जातात, त्यामुळे अदलाबदल केल्यावर कमी झिजलेली बाजू कामाला लागते. ही जुनी आणि प्रामाणिक युक्ती आहे, पण ती फक्त सौम्य झिजेला लागू पडते आणि कारागिराने आपल्याला सांगून केलेली असावी.

आतल्या जॉइंटमध्ये तिन्ही रोलर हाताने अडखळण्याविना फिरले पाहिजेत आणि वाटीच्या भिंतीवर रोलरने पाडलेली घळ नखाला लागता कामा नये. आणखी एक जागा आहे, जिकडे कोणाचेच लक्ष जात नाही. आतल्या जॉइंटच्या ज्या गुळगुळीत गळ्यावर गिअर बॉक्सचे ऑइल सील बसते, तेथे गंजाचे खड्डे किंवा सीलने पाडलेली रेघ असेल, तर कितीही चांगले नवे सील लावले तरी गिअर ऑइल गळत राहते. माझ्या पहिल्या जोडीत हाही दोष होता.

दांड्यावर कोठेही वेल्डिंगचा टाका दिसला, तर बोलणे तेथेच थांबवा. वळण आणि पीळ सतत सोसणाऱ्या दांड्यावर वेल्डिंग चालत नाही. तो तुटला तर ताकद जातेच, पण तुटलेले टोक फिरत ब्रेकच्या होजवर आपटू शकते. दांडा वाकलेला आहे का, हे लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजने पाहता येते आणि कोणताही लेथवाला हे दहा मिनिटांत करून देतो.

ग्रीस मॉलिब्डेनमयुक्त काळे असावे. बेअरिंगचे लाल ग्रीस येथे चालत नाही. बुटाच्या किटबरोबर येणारे पाकीट पूर्ण वापरावे. बहुतेक छोट्या गाड्यांच्या बाहेरच्या जॉइंटला ८० ते १२० ग्रॅमच्या आसपास ग्रीस लागते आणि आतल्या जॉइंटचे ग्रीस वेगळे दिले असेल, तर ते त्याच जागी घालावे. बूट निओप्रीनचा आणि पट्ट्या स्टीलच्या असाव्यात. तार किंवा प्लॅस्टिकचा टाय बांधून दिलेला बूट परत करा. दोन भाग चिकटवून बसवायचा बूट घरी पोहोचण्यापुरता ठीक आहे, पण कायमच्या कामात तो घेऊ नये.

५. मापे आणि कागदपत्रे

एकाच नावाच्या गाडीत इंजिनानुसार एक्सल वेगळे असतात. पालिओच्या १.२ आणि १.६ मध्ये गोंधळ होऊ शकतो, म्हणून दुकानात फक्त गाडीचे नाव सांगून भागत नाही. जुना एक्सल शेजारी ठेवून पुढील गोष्टी जुळवा: दांड्याची लांबी, हबकडच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाकडच्या, टोकावरच्या स्प्लाइनचे (लांब उभ्या खाचांचे) दाते, गिअर बॉक्सकडच्या स्प्लाइनचे दाते, सील बसते त्या गळ्याचा व्यास, हब नटाचे आटे आणि गाडीला एबीएस असेल तर जॉइंटवरच्या दातेरी कड्याचे दाते. दाते रंगाचा ठिपका लावून दोनदा मोजा. लांबी मोजताना आतला जॉइंट दोन्ही एक्सलमध्ये सारखाच दाबलेला असावा, नाहीतर दोन सेंटिमीटरचा फरक उगाच दिसतो.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी:

– आरसीची प्रत आणि चासी क्रमांकाचा फोटो
– जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल, त्यावर 'रिकंडिशन' हा शब्द आणि डावा-उजवा असा उल्लेख
– हमी किती दिवसांची आणि त्यात मजुरी धरली आहे की नाही, हे लेखी
– अनामत रकमेची पावती
– उघड्या जॉइंटचे आणि दांड्यावर आपण पंचने केलेल्या खुणेचे फोटो

शेवटची खूण फार उपयोगी पडते, कारण कारागिराकडे एकाच वेळी दहा एक्सल पडलेले असतात आणि आपलाच परत आला, याची खात्री तीच देते. मूळ मापाचाच भाग बसवत असल्याने हा गाडीतला बदल ठरत नाही. तरी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते, म्हणून बिल जपून ठेवावे. झिजेने खराब झालेल्या भागाचा खर्च विमा देत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

एक्सल सुरत किंवा इंदूरहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मागवणार असाल, तर तो लाकडी पट्टीला सरळ बांधून पाठवायला सांगा. धुळ्याच्या एका स्नेह्यांचा एक्सल पोत्यात गुंडाळून आला होता. वाटेत आतला जॉइंट वाटीतून सुटला आणि नवा बूट घडीवर चिरला.

६. हत्यारे आणि सामान

हब नटाचा सॉकेट (अनेक गाड्यांना ३० किंवा ३२ मिलिमीटर, आपला मोजून घ्या), लांब दांड्याचा पाना, ३०० न्यूटन-मीटरपर्यंतचा टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना), जॅक, दोन मजबूत स्टँड, गाडी सरकू नये म्हणून चाकांना लावायची ओट, बॉल जॉइंटचा पुलर, छोटी पहार, पितळी किंवा लाकडी ठोकणी, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे आणि ऑइलसाठी पसरट भांडे एवढे लागते. सामानात दोन नवे हब नट, दोन नवी गिअर बॉक्स ऑइल सील, आतल्या टोकाच्या नव्या सर्कलिप (एक्सल गिअर बॉक्समध्ये अडकवून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या), नवी कॉटर पिन आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचे गिअर ऑइल आधीच आणून ठेवा. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने किंवा उसना आणा, पण त्यावाचून हे काम सुरू करू नका.

७. जुना एक्सल काढणे

दोन्ही बाजूंचे एक्सल एकाच वेळी काढू नका. काही गिअर बॉक्समध्ये दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की डिफरन्शिअलमधले गिअर जागेवरून सरकतात आणि मग गिअर बॉक्स उतरवण्याची पाळी येते. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी घ्या.

पहिले काम म्हणजे गिअर ऑइल भरण्याचा बोल्ट सुटतो का, ते पाहणे. तो सुटल्यावरच खालचा, ऑइल सोडण्याचा बोल्ट उघडावा. उलट क्रमाने केले आणि वरचा बोल्ट गंजाने अडकला, तर गाडी रिकाम्या गिअर बॉक्सने जागेवरच अडकून पडते.

हब नटाची कडा शाफ्टच्या खाचेत ठोकलेली असेल, तर ती बारीक छिन्नीने आधी उचला. गाडी जमिनीवर, ओट लावलेली आणि ब्रेक दाबलेला असतानाच नट फक्त ढिला करा, पूर्ण काढू नका. नट ढिला झाल्यावर गाडी ढकलू नका, कारण त्या अवस्थेत चाकाच्या बेअरिंगवर वजन पडून ते खराब होऊ शकते. यानंतर गाडी उचलून स्टँडवर ठेवा आणि हाताने हलवून ती पक्की बसली आहे, याची खात्री करा. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका.

चाक काढा. ब्रेकचा कॅलिपर सोडवावा लागला, तर तो तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. टाय रॉड एंड आणि लोअर आर्मचा बॉल जॉइंट पुलरने सोडवा. शॉकअपचे बोल्ट काढावे लागले, तर आधी त्यांची जागा खडूने नव्हे, टोकदार खिळ्याने कोरून ठेवा. आता नकल, म्हणजे हब धरणारा आणि चाकाबरोबर वळणारा भाग, बाहेर ओढली की हबमधून एक्सल सुटायला हवा. अडला तर जुना नट टोकाशी समपातळीत चढवून पितळी ठोकणीने ठोका. उघड्या आट्यांवर हातोडा मारला तर त्या एक्सलला पुढे नट लागणार नाही, आणि लक्षात घ्या, हाच एक्सल आपल्याला बनवायला द्यायचा आहे.

आतले टोक काढताना नवशिके दांडा धरून ओढतात. तसे केले तर जॉइंट आतच सुटतो आणि रोलर बुटात पडतात. जॉइंटची वाटी आणि गिअर बॉक्स यांच्या मध्ये पहार घालून एक झटका द्या, सर्कलिप सुटते आणि मग वाटीला आधार देऊन एक्सल सरळ बाहेर घ्या. फोक्सवॅगन घराण्याच्या काही गाड्यांत सर्कलिपऐवजी वाटी सहा बोल्टांनी फ्लँजला बांधलेली असते. तेथे बोल्टांची डोकी टोकरून स्वच्छ करा, बिट पूर्ण आत ठोकून बसवा आणि मगच जोर लावा, कारण त्या डोक्यांचे खाचे फार लवकर गोल होतात.

८. नवा एक्सल बसवणे

जुने सील काढून त्याची जागा पुसा आणि नवे सील सपाट, चारही बाजूंनी सारखे ठोका. सीलच्या ओठाला ग्रीसचे बोट लावा. एक्सल आत सरकवताना तो दोन्ही हातांनी पेलून धरा, कारण स्प्लाइनचे दाते सीलच्या ओठावर टेकले की ओठ चिरतो आणि ते गाडी जमिनीवर आल्यानंतर, ऑइल टपकू लागल्यावरच कळते. नवी सर्कलिप लावा. दाते जुळल्यावर एका ठाम धक्क्याने ती खट्ट आवाज करून बसते. बसली की नाही, हे वाटी धरून बाहेर ओढून पाहा, दांडा ओढून नव्हे.

हबचे स्प्लाइन तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्यात बाहेरचे टोक हाताने सरकवा. ते न ठोकता आत जायला हवे. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड बसवून नवी कॉटर पिन घाला, आणि कॅलिपर सोडवला असेल तर तोही परत बसवा. नवा हब नट हाताने पूर्ण चढवा, मग कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून टॉर्क रेंचने आवळा. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण १८० ते २८० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच प्रमाण मानावा. हवेच्या गनने शेवटचे आवळणे करू नका. कमी आवळला तर हबमध्ये खेळ राहतो, जास्त आवळला तर बेअरिंग दाबले जाते. नेमक्या आकड्याला आवळल्यावर नटाची कडा खाचेत ठोका.

गिअर ऑइल भरण्याच्या बोल्टच्या पातळीपर्यंत भरा. हे काम मी पाहिलेल्या एका गॅरेजमध्ये विसरले गेले होते, म्हणून स्टिअरिंगला 'ऑइल बाकी' अशी चिठ्ठी चिकटवण्याची सवय मी लावून घेतली आहे.

९. पहिली फेरी आणि त्यानंतर

आधी कॉलनीतच हळू चालवा, ब्रेक दोन-चार वेळा दाबून पाहा, मग त्याच मैदानात डावे-उजवे वर्तुळ घ्या. त्यानंतर १५ ते २० किलोमीटर जाऊन थांबा आणि हबजवळ हात नेऊन पाहा. दोन्ही बाजू सारख्याच कोमट असाव्यात. एक बाजू चटका देण्याइतकी तापली, तर नट किंवा ब्रेक पुन्हा तपासावा. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा आणि सकाळी ऑइलचा डाग पाहा. शॉकअपचे बोल्ट सोडले असतील, तर अलाइनमेंट करून घ्या. १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट एकदा आवळून पाहा. चढावरची परीक्षा मात्र भार देऊनच करावी. धुळेकरांना लळिंगचा चढ आहे, चाळीसगावकरांना कन्नड घाट, आणि नंदुरबारकरांना तोरणमाळचा रस्ता वळणे आणि चढ दोन्ही देतो.

हमीची मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी गाडी पुन्हा उचलून बूट आणि सील पाहा, कारण दोष सापडलाच तर तो त्याच आठवड्यात दाखवण्याला अर्थ आहे. पुढे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटी उन्हाने तडे गेले का, हे पाहण्यासाठी आणि पावसाळा सरल्यावर बुटाच्या घड्यांत वाळून बसलेली काळी माती पाण्याने आणि मऊ ब्रशने काढण्यासाठी गाडीखाली जावे. प्रेशर पंपाची धार बुटाच्या पट्टीवर जवळून मारू नये, त्या धारेने पाणी पट्टीखालून आत जाते.